घरचें ब्रॉडबँड आणि वडीलधाऱ्यांचें बिल



संसारांतील कांहीं खर्च असे असतात कीं, ते एकदां ठरले म्हणजे पुन्हां कोणी त्यांकडे वळून पाहत नाहीं. घरच्या इंटरनेटचा खर्च हा त्यांपैकींच एक. मुलें नोकरीसाठीं परगांवीं जातात. जातांना घरीं ब्रॉडबँडची जोडणी करून देतात. आणि मागें राहिलेले आईवडील, काका, मावशी वर्षानुवर्षें त्याच योजनेचें बिल भरीत राहतात. मध्यंतरीं बाजारांतले दर उतरले तरी त्यांचे उतरत नाहींत. नवें गिऱ्हाईक मिळविण्यासाठीं कंपनी नवी योजना काढते. जुन्या गिऱ्हाइकास ती आपण होऊन लागू करीलच असें नाहीं. जो विचारील त्याला ती मिळते, आणि वृद्ध माणूस सहसा विचारावयास जात नाहीं.

दर किती झपाट्यानें बदलतात याचें एक उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१९ मध्यें जिओनें प्रकाशतंतूची सेवा सुरू केली, तेव्हां तिची सर्वांत खालची मासिक योजना ६९९ रुपयांची होती. वर्षभरानें त्याच कंपनीनें ३० एमबीपीएस वेगाची योजना ३९९ रुपयांस आणली, आणि एअरटेलनेंहि ४० एमबीपीएसची योजना ४९९ रुपयांस देऊं केली. आतां समजा, एखादे आजोबा दरमहा ९९९ रुपयांच्या योजनेवर आहेत आणि त्यांचें काम ३९९ रुपयांत भागण्यासारखें आहे. मूळ फरक ६०० रुपयांचा. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर धरला म्हणजे ७०८ रुपयांचा. वर्षाचे झाले ८,४९६ रुपये. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत एवढ्या रकमेंत कित्येक महिन्यांचीं औषधें येतात.

तेव्हां पहिलें काम म्हणजे बिल वाचणें. बिलाच्या तळाची एकूण रक्कम पाहून भागत नाहीं. एकेक ओळ पाहावी. मूळ भाडें किती, कर किती, राउटरचें भाडें निराळें लावलें आहे काय, चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या सेवांची वर्गणी त्यांत गुंफलेली आहे काय, हें तपासावें. ज्या घरांत संध्याकाळच्या बातम्या आणि सकाळचें कीर्तन एवढेंच पाहिलें जातें, तेथें चार-पांच चित्रपटसेवांची वर्गणी कशाला?

दुसरें काम गरज मोजण्याचें. एमबीपीएस म्हणजे दर सेकंदास किती दशलक्ष बिट येतात त्याचें माप. स्पष्ट चित्राची चित्रफीत पाहण्यास सुमारें ५, चेहरा पाहत बोलण्यास साधारणपणें ४ पुरेत. बँकेचें काम वा वृत्तपत्र यांना त्याहून पुष्कळच कमी लागतें. अर्थात् दोघां माणसांच्या घरांत एकीकडे टीव्ही चालू असला आणि दुसरीकडे परदेशांतल्या नातीशीं गप्पा चालल्या असल्या, तरी १० च्या आसपास वेगांत दोन्ही होतें. ३० असला म्हणजे सढळ झाला. ३०० चा वेग येथें विकत घेणें म्हणजे दोघांच्या स्वयंपाकाला लग्नघरचें पातेलें चढविण्यासारखें आहे.

“पण आमचें इंटरनेट फार मंद चालतें,” असें कोणी म्हणेल. त्यावर मोठी योजना घेण्यापूर्वीं राउटरजवळ उभें राहून वेग मोजावा. तेथें तो पुरेसा असून आंतल्या खोलींत कमी पडत असेल, तर दोष योजनेचा नसून भिंतींचा आहे. राउटर कपाटांतून काढून घराच्या मध्यभागीं, उंचावर ठेवला कीं पुष्कळदां काम होतें, आणि त्यास पैसा पडत नाहीं.

एवढें झाल्यावर प्रथम चालू कंपनीसच विचारावें कीं, आज नव्या गिऱ्हाइकास कोणती योजना देतां, आणि ती आम्हांस कां नको? पुष्कळदां एवढ्यावरच काम भागतें. कंपनी बदलावयाचीच झाली तर दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मोबाईलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. घरच्या तारेच्या फोनला ती नाहीं. तीस-चाळीस वर्षें साऱ्या गोतावळ्याला पाठ असलेला क्रमांक घालविणें हा आजीच्या दृष्टीनें लहान तोटा नव्हे. तो तिला आधीं सांगितला पाहिजे. दुसरी गोष्ट विजेची. तांब्याच्या तारेवरील फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळते, म्हणून घरांतले दिवे गेले तरी तो चालतो. प्रकाशतंतूंतून वीज वाहत नाहीं. घरांतली वीज गेली कीं फोनहि मुका होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरीं राउटरला लहानशी बॅटरी जोडून द्यावी, आणि नवी जोडणी नीट चालू झाल्यावांचून जुनी तोडूं नये.

बिलाची रक्कम खात्यांतून परस्पर वळती होत असेल तर कोणत्या मोबाईलवर त्याची सूचना येते तें पाहावें. कार्डावरून अशी आवर्ती रक्कम घेण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं ग्राहकास कळविलें पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आहे. ती सूचना जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर जात असेल तर तिचा उपयोग शून्य. चुकीची आकारणी झाल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. तेथें दाद न लागल्यास २०१२ च्या नियमांप्रमाणें कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. “बिल कमी करून देतों, आलेला ओटीपी सांगा,” असें फोनवर म्हणणाऱ्यास मात्र कांहींएक सांगूं नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडतां १९३० वर कळवावें.

शेवटीं एक सांगावेंसें वाटतें. हें काम वडीलधाऱ्यांच्या पाठीमागें करूं नये. खातें त्यांचें, पैसा त्यांचा, निर्णयहि त्यांचाच असावा. “इतकीं वर्षें तुम्ही फुकट पैसे घालविलेत,” असें म्हटल्यानें ते दुखावतात आणि पुढच्या वेळीं बिल दाखवीतच नाहींत. त्याऐवजीं शेजारीं बसून दोन्ही आंकडे एका कागदावर त्यांच्याच हातानें लिहवावे. ज्यांनीं उभा संसार पैपैचा हिशेब ठेवून चालविला, त्यांना ही वजाबाकी कोणी समजावून द्यावी लागत नाहीं. बिलांतले नवे शब्द तेवढे उलगडून द्यावे लागतात. आणि एकदां ते कळले कीं पुढच्या वर्षीं कंपनीला फोन तेच करतील.