खालच्या मजल्यावरचं पातेलं

तोक्योच्या पूर्वेला निशि-कासाई नावाचं स्टेशन आहे. आपल्या देशातली बरीच मंडळी या भागात राहतात, आम्हीही त्यांतलेच. आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात. निकुजागा मी त्यांच्याकडून शिकले, पण त्याआधी एकदा तो चक्क फेकून दिला होता. ती गोष्ट आधी सांगते.

२०२० च्या जूनमध्ये माझी आई साताऱ्यात गेली. भारतातली नेहमीची विमानसेवा मार्चपासूनच बंद होती, आणि इथून कशीबशी गेले असते तरी जपान परत आत घेईल याची खात्री नव्हती. अंत्यदर्शन भावाच्या मोबाईलवर घेतलं. तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. उघडून बघते तो बाहेर कुणी नाही, उंबऱ्याशी रुमालात बांधलेलं पातेलं आणि एक चिठ्ठी: "कोंबडी घातली आहे. काळजी करू नका."

आम्ही गाईचं मांस खात नाही, हे आजींनी लक्षात ठेवलं होतं.

आपल्याकडे सुतकात घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. म्हणजे हे जपानी पिठलंच की! पण सुतकात कोंबडी? "बटाटे तेवढे खा," हे म्हणाले. रस्सा तर तोच ना! दोन दिवस पातेलं फ्रीजमध्ये राहिलं आणि मग मी सगळं टाकून दिलं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही रीत तिथेही आहे, म्हणून त्यात चार सफरचंदं ठेवली आणि "फार छान झालं होतं" असं सांगून आले. आई गेल्यावर मी बोललेलं ते पहिलं खोटं. ते मला फार लागून राहिलं.

शेवटी ऑक्टोबरात सांगून टाकलं. आजींनी तोंडावर हात धरला. यजमान गेले तेव्हा एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत त्यांनीही मांस-मासळी वर्ज्य केली होती. "आणि मला एवढं सुचू नये!" असं म्हणत त्याच माझी माफी मागू लागल्या. मग म्हणाल्या, "रविवारी या. दोन्ही तऱ्हा शिकवते."

'निकु' म्हणजे मांस, 'जागा' म्हणजे बटाटा. ओसाकाकडे यात गाईचं मांस असतं, तोक्योकडे बहुधा डुकराचं. चार बटाट्यांना दोन कांदे, एक गाजर आणि पावशेर कोंबडी घ्यायची. बटाट्याच्या फोडींच्या धारदार कडा आजी सुरीने गोल करतात, म्हणजे शिजताना फुटत नाहीत. (मी एकदा कंटाळा केला, तर लगदा झाला.) कांदा आणि कोंबडी थोड्या तेलावर परतायची, बटाटे-गाजर घालायचं आणि जेमतेम बुडेल इतकं दाशी, म्हणजे वाळवलेल्या मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी, ओतायचं. उकळी आली की फेस काढायचा. दोन मोठे चमचे साखर आधी. आधी खारट शिरलं तर साखर आत जात नाही, असं इथल्या बायका सांगतात. पाच मिनिटांनी तीन चमचे सोया सॉस. झाकण पातेल्यावर ठेवायचं नाही, पातेल्याहून लहान घेऊन थेट भाजीवर टेकवायचं, म्हणजे थोड्या रसातही वरच्या फोडींना चव लागते. पंधरा मिनिटांनी गॅस बंद, आणि मग निदान अर्धा तास हात लावायचा नाही. चव निवताना मुरते. आपल्या घरात हा अर्धा तास कुणाला धरवत नाही, तो भाग वेगळा.

सुतकातल्या तऱ्हेत कोंबडीच्या जागी तळलेलं तोफू घालतात. पण फरक तेवढाच नाही. मासळीचं दाशीही चालत नाही, नुसतं शेवाळ आणि वाळवलेली शिताके अळिंबी भिजवून पाणी घ्यायचं. म्हणजे त्या दिवशी मी नुसते बटाटे खाल्ले असते तरी सुतक मोडलंच असतं!

या पदार्थाची एक दंतकथा आहे. अ‍ॅडमिरल तोगो १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये शिकायला होते. तिथला बीफ स्ट्यू त्यांना आवडला आणि परतल्यावर त्यांनी नौदलाच्या आचाऱ्याला तो करायला सांगितला. वाइन नाही, लोणी नाही. बिचाऱ्याने सोया आणि साखर वापरून वेळ मारून नेली. मायझुरू आणि कुरे ही नौदलाची दोन्ही गावं हा मान आपलाच म्हणून भांडतात. इतिहासकार ही गोष्ट खरी मानत नाहीत. मला मात्र तो आचारी आवडतो. मूळ पदार्थ स्वतः न चाखता, घरात होतं त्यावर त्याने भागवलं. माझ्या कोंबडीला जपानी मैत्रिणी हसल्या की मी त्याचं नाव पुढे करते.

आईच्या वर्षश्राद्धाला आजी स्वतः वर आल्या, तोफूचं पातेलं घेऊन. "आज चालेल ना?" त्यांनी दारातच विचारलं. चाललं. मी दोनदा वाढून घेतलं.

आता त्यांना सत्त्याऐंशीवं लागलंय. गॅसपाशी उभं राहवत नाही, म्हणून दर गुरुवारी पातेलं खाली जातं. गेल्या आठवड्यात त्यांनी बटाटा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "साखर कमी पडली."