रसग्रहणाचे पाच गुण

सहामाही परीक्षेचे पेपर वर्गात वाटले गेले, तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेत रसग्रहणाच्या प्रश्नापुढे सोळापैकी पाच गुण होते. समासात लाल शाईने एकच वाक्य लिहिलेले होते : ‘हे कीर्तन झाले, उत्तर नव्हे.’

साल होते १९८६. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात एफ.वाय.बी.ए.ला होते आणि प्रश्न होता तुकारामांच्या एका अभंगाचे रसग्रहण करण्याचा. इतरांनाही काही भरघोस गुण पडले नव्हते. पण इतर कोणी देहूचे नव्हते. मी देहूची. इंद्रायणीच्या डोहाशी खेळत वाढलेली, देवळातल्या काकड्याने जागी होणारी. आजीला अक्षरओळख नव्हती, पण शेकडो अभंग तिच्या ओठांवर असत. वडील, म्हणजे आबा, माळकरी. भोसरीच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होते. पहिली पाळी संपवून घरी आले की हातपाय धुऊन गाथा उघडत. अशा घरातल्या मुलीला तुकाराममहाराजांवर पाच गुण!

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. मी कॉलेजात जावे, हे घरात सगळ्यांनाच पटलेले नव्हते. आबांनी परवानगी दिली होती, पण अट घालून : पहिल्या वर्षाला गचका खाल्लास, तर पुढच्या वर्षी स्थळे बघायची. रोज सकाळी देहूरोड स्टेशन गाठायचे, लोकलने शिवाजीनगरला उतरायचे, संध्याकाळी तोच प्रवास उलटा. आता हे सगळे एका लाल वाक्यावर येऊन अडले होते.

पुढच्या तासाला मराठीच्या बाईंनी सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटले. कागदावर दोन कविता होत्या, वर कवीचे नाव नाही, खाली साल नाही. त्यांतला एक अभंग होता, पण त्याचा शेवटचा भाग गाळलेला. ‘वीस मिनिटांत काय जाणवले ते लिहा,’ एवढीच सूचना. मी तो अभंग अर्थातच पहिल्या शब्दाला ओळखला. धडाधड तीन पाने लिहिली : १६०८चा जन्म, १६३०च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेला व्यापार, भंडाऱ्याचा डोंगर, नदीत बुडवलेली आणि तेरा दिवसांनी तरलेली गाथा.

बाईंनी कागद वाचला. म्हणाल्या, ‘‘तुम्ही कवीबद्दल सगळं सांगितलंत. या कागदावर जे छापलंय, त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.’’

त्या प्रयोगाचे मूळ मला पुढे कळले. केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना अशाच निनावी कविता वाचायला दिल्या होत्या आणि त्यांनी काय लिहिले, त्याचे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध केले. चांगली शिकलेली मुले साधा अर्थ लावतानाही घसरत होती, आणि कविता वाचण्याऐवजी स्वतःच्या मनात आधीच तयार असलेल्या भावनाच तिच्यात वाचत होती. माझे तरी वेगळे काय झाले होते? मात्र बाईंना एक जास्तीचे काम करावे लागले होते. इंग्रजी कवितेचे नाव वरून पुसता येते. अभंगात कवीचे नाव आतच विणलेले असते. ‘तुका म्हणे’ कापल्याशिवाय तुकाराम लपत नाहीत.

चार प्रश्न, एक अट

मग बाईंनी आम्हाला अगदी बाराखडीपासून शिकवले. रस, अलंकार, शब्दशक्ती हे शब्द आम्ही गाईडमधून पाठ केलेच होते. ते त्यांनी काही दिवस बाजूला ठेवायला लावले. कवितेला चार साधे प्रश्न विचारायचे. कोण बोलते आहे? कोणाशी बोलते आहे? हाच शब्द का, त्याच अर्थाचा दुसरा का नाही? आणि हे सगळे याच आकारात का सांगितले आहे? उत्तर काहीही असो, अट एकच : कवितेतला शब्द दाखवता आला पाहिजे. ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘भावपूर्ण’ हे शब्द लिहिले की त्या गुण कापीत. म्हणत, ‘‘हे तुमच्याबद्दल झालं. कवितेत काय आहे ज्यामुळे असं झालं, ते सांगा.’’

लोकलमध्ये मी बोटांवर अक्षरे मोजू लागले. मोठ्या अभंगाचे गणित तसे सोपे आहे. सहा, सहा, सहा आणि चार. पहिली तीन खंडे सहा अक्षरांची, चौथे चारच अक्षरांचे, आणि यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यात. जन्मभर ऐकलेली ही गोष्ट मी कधी मोजली नव्हती. आता लक्षात आले, की तीनदा एकाच लांबीची पावले टाकल्यावर चौथे पाऊल आखूड पडते आणि आपण थबकतो. सांगणाऱ्याला जे ठासून सांगायचे असते, ते पुष्कळदा नेमके त्या आखूड जागेत येऊन बसते. पिंपरी स्टेशन गेले तरी मी बोटे मोडीतच बसलेली असे. समोरच्या बायकांना वाटे, पोरगी जप करते आहे.

पुढे बाईंनी मर्ढेकर आणले. १९४७च्या ‘काही कविता’मध्ये त्यांनी संतांच्या वळणाची रचना यंत्रयुगातल्या माणसाच्या अनुभवासाठी वापरली. ते वाचताना मला भोंगा ऐकून सायकलवर टांग मारणारे आबा दिसत. तोच घाट, पण आत श्रद्धेऐवजी शंका भरली की त्याच घाटातून वेगळाच आवाज निघतो, हे मला त्या तासाला समजले. आशय आणि आकार हे शब्द तोपर्यंत मी नुसते लिहीत होते.

‘अभंग म्हणजे काय बेडूक?’

घरी मात्र हे रुचण्यासारखे नव्हते. एका संध्याकाळी मी एका अभंगाची अक्षरे मोजून त्यांवर पेन्सिलीने खुणा करीत होते. आबांनी पाहिले.

‘‘काय चाललंय?’’

‘‘अभ्यास, आबा. अभंगाचं विश्लेषण.’’

‘‘अभंग म्हंजे काय बेडूक हाय का गं, चिरून बघायला? आज महाराजांचं चिरतीस, उद्या आईच्या ओव्यांचं चिरशील.’’

मी गप्प बसले. कारण तीच धास्ती मलाही होती. पहाटे काकड्याला उभी राहिले, की टाळ वाजत असताना माझे डोके सहा-सहा-सहा-चार करू लागले होते. शब्दांत विरघळण्याऐवजी मी त्यांच्याकडे जरा लांबून बघत होते. आपण काहीतरी गमावून तर बसणार नाही ना? हा प्रश्न बाईंना विचारायचे धाडस मात्र झाले नाही.

उत्तर मिळाले ते गावातच. सप्ताहात एका बुवांचे कीर्तन होते. आबांच्या शेजारी नाही, पण बायकांच्या घोळक्यात मी बसले होते. वारकरी कीर्तनाची रीत वाचकांना ठाऊक असेलच. निरूपणाला एक अभंग घ्यायचा आणि दोन तास तोच उलगडायचा. बुवा एका शब्दावर थांबले. हाच शब्द महाराजांनी का घातला, असे म्हणून त्यांनी त्याच अर्थाचे दुसरे शब्द एकेक करून तिथे बसवून दाखवले आणि प्रत्येक का बसत नाही ते सांगितले. मग ज्ञानेश्वरीतले प्रमाण दिले, एकनाथांचे दिले, पुन्हा गाथेतले दिले. मी चमकले. बाईंचा तिसरा प्रश्न तो हाच! आणि बाई ज्याला ‘आधार दाखवा’ म्हणत, त्याला आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या ‘प्रमाण’ म्हणत आले आहेत. समासातले ते लाल वाक्य बुवांवर अन्यायच करणारे होते. मी लिहिले होते ते कीर्तनही नव्हते. नुसता जयजयकार होता.

फरक होता, तो नंतर ध्यानात आला. कीर्तनात शेवट कुठे पोचायचे ते आधी ठरलेले असते आणि सगळी प्रमाणे तिकडेच नेतात. वर्गात मात्र न बसणारा शब्दही मांडावा लागतो, आणि ‘इथे माझा अर्थ अडतो’ असे लिहिले तरी गुण मिळतात. कबुलीचे गुण मिळण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच जागा.

भिजक्या वहीचे गाव

खरी परीक्षा पुढेच होती. ग्रंथालयात मी पहिल्यांदा गाथेची सरकारी प्रत हाताळली. आबा रोज म्हणत त्या एका अभंगात एक शब्द वेगळा निघाला. तो चरण मी इथे देत नाही. दिला तर दोन्ही बाजूंनी संपादकांकडे पत्रांचा ढीग पडेल. पण त्या एका शब्दाने बोलणाऱ्याचा भाव बदलत होता. एका पाठात तो देवाकडे मागत होता, दुसऱ्यात देवाला सुनावत होता.

भाबडेपणाने मी घरी येऊन सांगितले. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या आठ दिवसांत मी गाथेच्या छपाईचा इतिहास वाचला. मुंबई सरकारने २४ हजार रुपये मंजूर केले आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या जुन्या वह्या ताडून पाहून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत गाथा छापली. १९५०ची सरकारी प्रत याच गाथेवर उभी आहे. संताजी जगनाडे हे चाकणचे, त्यांची समाधी सुदुंबऱ्याला. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२०मध्ये वेगळी गाथा प्रसिद्ध केली. आणि आमच्या देवळात ‘भिजकी वही’ आहेच, जिचे नाव अरुण कोलटकरांनी २००३ साली आपल्या कवितासंग्रहाला दिले. एकेका वहीमागे एकेक कान आणि एकेक हात होता. ऐकणाऱ्याने ऐकले, लिहिणाऱ्याने लिहिले, गाणाऱ्याच्या जिभेवर शब्द फिरला. आबांचा शब्दही असाच कोणाच्या तरी गळ्यातून आमच्या घरी आला होता.

नवव्या दिवशी आबा दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा आले. जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, ‘‘त्या पंडितांनी देहूची वही बघितली व्हती म्हणतीस?’’

‘‘होय आबा.’’

‘‘मग आण ते पुस्तक. मला दाव.’’

मी ओळखीने ते घरी आणले. पुढचे दोन रविवार आबा आपली गाथा एका मांडीवर आणि सरकारी प्रत दुसऱ्या मांडीवर घेऊन, बोट फिरवीत बसले होते. शेवटी म्हणाले, ‘‘म्हणताना मी माझंच म्हणणार. तोंडात बसलंय ते. पण दुसऱ्याला चूक न्हाई म्हणणार.’’

पाठचिकित्सेवर पुढे मी बरेच वाचले. त्या दोन वाक्यांत आबांनी जे सांगितले, त्याच्या फार पलीकडे जाता आले असे वाटत नाही.

वार्षिक परीक्षेत रसग्रहणाला सोळापैकी अकरा गुण पडले. स्थळे बघणे पुढे ढकलले गेले. मी एम.ए. झाले आणि अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांना तोच पेपर शिकवला. दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी निनावी कवितेचे कागद वाटत असे. आता मुलांना कवितेचा सारांश मोबाईलवर क्षणात मिळतो; गाईड तेवढे जड तरी असायचे! पण ‘हाच शब्द का?’ असे विचारले की वर्ग आजही तसाच शांत होतो, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी चाचरत हात वर करते. बहुतेक वेळा ते मूल अशा घरातले असते, जिथे कोणीतरी काहीतरी मोठ्याने म्हणत असते.

आणि काकड्यातली ती धास्ती? काही वर्षे मोजणी डोक्यात चालू राहिली, मग ती आपोआप खाली बसली. आज मी गाते तेव्हा चौथे आखूड पाऊल येणार हे मला ठाऊक असते आणि ठाऊक असूनही मी थबकते. आधी नुसतीच थबकत असे.

आबा आता नाहीत. त्यांची गाथा माझ्याकडे आहे. ती चाळताना ठिकठिकाणी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेले दुसरे पाठ दिसतात. अक्षर कारखान्यातल्या हजेरीवर सही करणाऱ्या माणसाचे, जाडेभरडे. माझ्या मागारी त्यांनी किती रविवार हे केले, कोण जाणे. एका पानावर पाठ नाही, फक्त प्रश्नचिन्ह आहे. तो अभंग मी वर्गात अनेकदा शिकवला. त्यांना तिथे काय अडले होते, ते अजून शोधते आहे.