गुडगुडी, गिटार आणि शुद्धतेचा हट्ट

गुडगुडी म्हणजे काय, हे निपाणीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही; मुलूखच तंबाखूचा. म्हणून संतकवी शिशुनाळ शरीफांचं 'गुडुगुडिया सेदी नोडो' हे कन्नड पद गिटारवर वाजलं तरी इथल्या मराठी श्रोत्याला त्यातला अर्धा अर्थ भाषांतराविना उमगतो. मन ही चंची, मोह हा जाळायचा माल. हे पद 'द रघू दीक्षित प्रोजेक्ट' या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये आहे. तो २००८ साली विशाल-शेखर यांच्या 'काउंटर कल्चर रेकॉर्ड्स'ने काढला. नाशिकला जन्मलेले आणि म्हैसुरात वाढलेले बँडचे गायक रघू दीक्षित २०१० मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात झळकले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या 'साँगलाइन्स' मासिकाने त्यांना नवोदिताचा पुरस्कार दिला.

या कौतुकावर एक शंका हटकून येते. लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून परदेशी टाळ्या मिळवायच्या, यात शरीफ कुठे राहिले? मूळ चालीचं काय? पण मूळ चाल म्हणजे नेमकी कोणती? शरीफ १८८९ मध्ये गेले आणि भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ मध्ये. आज अनेकांच्या कानात बसलेले शरीफ खरं तर संगीतकार सी. अश्वथ यांनी बांधलेले आहेत. १९९० च्या 'संत शिशुनाळ शरीफ' या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. तेव्हाच्या वाद्यमेळाला आपण परंपरा म्हणतो आणि ड्रम्सना भेसळ. हा न्याय काही पटत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा साक्या-दिंड्यांच्या शेजारी कानडी चालीही आल्याच. त्यांना आज कुणी उसनवारी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. अल्बममध्ये शरीफांच्या पदांशेजारी हिंदी 'मैसूर से आयी' आहे, इंग्रजी प्रेमगीतही आहे. मग लोकसंगीत उरतं किती? थोडंच, हे मान्य करावं लागेल. फोक-रॉक ही पाटी सगळ्या गाण्यांना शोभत नाही आणि परदेशी पुरस्कारामुळे ती शोभू लागते असंही नाही. तरी 'सोरुतिहुदु मनिय माळिगी' ऐकावं. घराचं माळवद गळतंय, अज्ञानामुळे गळतंय, एवढंच त्यात म्हटलं आहे. आमच्या भारुडांतही रूपक असंच संसारातून उचललेलं असतं: चूल, जातं, विंचू. असं रूपक वाद्य बदलल्याने मरत नाही. शब्द कानापर्यंत पोचले नाहीत तर मात्र मरतं, आणि समीक्षकाने तपासायचं ते हेच. पुणे-बंगळुरू महामार्गावर निपाणी लागते, पुढे त्याच रस्त्यावर शिग्गाव. शरीफांचं शिशुनाळ त्याच तालुक्यात. एवढ्या वाटेत चाल बदलली, तर गाणाऱ्याला दोष का द्यावा?