वाटी, कप्पी आणि राजगडाची उतरण

कापूरहोळला राहायचं आणि गड चढायचे नाहीत, हे काही जमत नाही. पूर्वेला पुरंदर, भोरकडे रोहिडा आणि नसरापूर-मार्गासनी करत गेलं की राजगड. फर्स्ट इयरला आमची गँगही राजगडावर गेली. चढताना सगळेच मावळे! पण चोरदरवाज्याने गुंजवण्याकडे उतरताना माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. वाटीच्या मागे कुठेतरी दुखतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

मग होस्टेलचा तिसरा मजला उतरणं, उकिडवं बसणं, पाय दुमडून दोन-दोन तास लेक्चर ऐकणं, सगळंच जड जाऊ लागलं. रूमवर फुकट सल्ला मिळाला, "वाटी झिजली रे तुझी. ट्रेक विसर आता!" विसाव्या वर्षी हे ऐकून झोप उडते. मी घाबरून दोन महिने पाय जपला. दुखणं थांबलं... आणि जिने सुरू केले त्याच दिवशी परत हजर!

असं का झालं? उत्तर आपल्याच मेकॅनिक्सच्या पुस्तकात आहे. गुडघ्याची वाटी म्हणजे एक कप्पी. मांडीचा पुढचा स्नायू हा वरचा दोर आणि वाटीपासून नडगीपर्यंतचा पट्टा हा खालचा दोर. वाटीमुळे हा दोर सांध्याच्या अक्षापासून लांब राहतो, म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. आता फ्री बॉडी डायग्राम काढा. उभ्याने जसजसा गुडघा वाकवाल, तसा दोन्ही दोरांतला ताण वाढतो, त्यांच्यामधला कोन लहान होतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब वजनाच्या साधारण निम्मा, जिन्यावर तिपटीच्या आसपास, तर खोल बैठकीत सात-आठ पट धरतात. म्हणजे साठ किलोच्या पोराच्या वाटीवर उठाबशा काढताना साडेचारशे किलोच्या आसपास भार!

पण म्हणून वाटी झिजलीच असं नाही. तरुणपणी या दुखण्यात एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो. बिघाड असतो तो हिशेबाचा. सहा महिने मेस ते क्लासरूम एवढंच चालायचं आणि एका रविवारी एकदम राजगड! भार गुडघ्याच्या कुवतीबाहेर गेला. नुसत्या विश्रांतीने भार कमी होतो, पण स्नायू ढिले पडून कुवतही घटते. माझे दोन महिने तिथेच वाया गेले.

कुवत वाढवणं हे फिजिओथेरपीचं काम. ती म्हणजे मालिश किंवा नुसता शेक नव्हे. यात मुख्य औषध व्यायाम, आणि तोही मांडीबरोबर खुब्याचा. खुब्याचे स्नायू कमजोर असले की पायरी उतरताना गुडघा आत झुकू शकतो. मला शिकवलेले व्यायाम साधारण असे :

१) पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या. ती खाली दाबा, पाच सेकंद धरा. दहा वेळा.
२) उताणं झोपून गुडघा न वाकवता पाय वीतभर उचला.
३) कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर न्या.
४) उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचला.
५) दुखणं उतरल्यावर भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक, मग एका पायरीवरून सावकाश उतरण्याचा सराव.

दहा-दहाचे दोन-तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. दुखण्याला दहापैकी मार्क द्या. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमलं पाहिजे. नाही शमलं तर डोस कमी करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. सबमिशनसारखं शेवटच्या रात्री उरकता येत नाही! वाटीला चिकटपट्टी लावायची पद्धत जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने १९८६ मध्ये मांडली. तिने तात्पुरता आराम पडतो, पण व्यायाम सुटत नाही.

मेसच्या मावशी आणि शिपाईकाकांसाठीही एक युक्ती. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उकिडवं बसून काम असेल तर पाट किंवा छोटं स्टूल घ्या. मात्र चाळिशी-पन्नाशीनंतरच्या दुखण्याची कारणं वेगळी असू शकतात, तेव्हा आधी तपासून घ्या.

पडल्यावर लगेच सूज आली, गुडघा अडकला, पायावर भार देता येईना, वाटी सरकली, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला किंवा रात्री स्वस्थ पडूनही ठणकतंय, तर व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जा. फिजिओथेरपिस्ट नोंदणीकृत आहे का, हेही विचारा. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषद आहे.

तीन महिन्यांनी मी आधी कॉलेजमागची टेकडी केली, मग रोहिडा, मग पुन्हा राजगड. उतरताना हातात काठी, छोटी पावलं आणि सगळ्यांत शेवटचा नंबर. खाली पोचल्यावर गँग चिडवत होती, "आजोबा आले!" येऊ देत. आजोबा पुढच्या रविवारी तोरण्याला निघालेत!