मोटारीच्या गिअरपेटींतील तेल



मोटार बाळगणाऱ्या घरांतून इंजिनाच्या तेलाची विचारपूस नियमानें होत असते. टायरांत हवा किती आहे, तेंहि पाहिलें जातें. परंतु ज्या मोटारींत क्लचचा पट्टा नसतो व गिअर आपोआप पडतात, तिच्या गिअरपेटींत एक निराळें तेल असतें आणि तेंहि केव्हां तरी बदलावें लागतें, ही गोष्ट पुष्कळ मालकांना पेटी बिघडल्यावरच कळते. तेलाचा खर्च हजारांत भागतो. नवी पेटी लाखांच्या घरांत जाते.

इंजिनांतील तेलाचें मुख्य काम घर्षण कमी करण्याचें. गिअरपेटींतील तेलाला याहून बिकट संसार करावा लागतो. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा व एकच चालू करा. पहिल्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागेल. आतां वाऱ्याच्या जागीं तेल आहे व दोन्ही पंखे एका बंद डब्यांत कोंडले आहेत अशी कल्पना करा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर तुमच्या ध्यानांत येईल. इंजिनाची शक्ति चाकांकडे जाते ती या तेलाच्या प्रवाहांतून. त्याच तेलाच्या दाबानें आंतील क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि गिअर पडतो. दांत्यांना गुळगुळीत फिरवावयाचें, चकत्यांना मात्र पकड सोडूं द्यावयाची नाहीं, अशीं परस्परविरुद्ध दोन कामें त्याच्याकडे आहेत. हा गुण तेलांत मिसळलेल्या द्रव्यांमुळें येतो, आणि काळानें झिजतात तींहि हींच द्रव्यें. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९४० सालच्या ओल्ड्समोबील मोटारींत हायड्रामॅटिक नांवाची स्वयंचलित पेटी बसविली. पुढें कित्येक वर्षें अशा तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० नंतर तिकडे देवमाशांच्या रक्षणाचे कायदे झाले, तेव्हां रसायनशास्त्रज्ञांना दुसरा उपाय शोधावा लागला.

सातारा जिल्ह्यांतील श्रोत्यांना घाटाचें वर्णन सांगावयास नको. वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी-महाबळेश्वराकडे जाणाऱ्या मोटारींची सुटीच्या दिवशीं जी रांग लागते, तिच्यांत अडकलेल्या गाडीचें काय होतें तें पाहा. हमरस्त्यावर गाडीनें वेग घेतला म्हणजे कन्व्हर्टरमधील एक क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र जखडतो व तेलाला उसंत मिळते. घाटांत अंगावर चढ, बाहेर उन्हाळा, गाडी माणसांनीं व सामानानें भरलेली, आणि वेग बैलगाडीचा. अशा वेळीं तो क्लच सुटलेला असतो. पहिला पंखा जोरानें फिरतो, दुसरा मागें रेंगाळतो, आणि मधल्या फरकाची शक्ति तेल तापविण्यांत खर्च होते. साधारणपणें ८० ते ९० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत हें तेल सुखानें नांदतें. त्यापुढें दर १० अंशांस प्राणवायूशीं संयोग होऊन तेल नासण्याची क्रिया सुमारें दुप्पट वेगानें चालते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३० अंश अधिक तापलेल्या तेलाचें आयुष्य एक-अष्टमांशावर येतें!

कांहीं मोटार-कारखानदार सांगतात, "हें तेल गाडीला जन्मभर पुरेल." हा जन्म किती वर्षांचा, तें मात्र सांगत नाहींत. जर्मनींतील झेड.एफ. ही कंपनी अनेक नामांकित मोटारींना पेट्या पुरविते. ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षें झालीं कीं तेल बदलण्यास सांगते. मी पेटी करणाऱ्याचें ऐकेन. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेंत कठीण वापराचें एक वेगळें सदर असतें. डोंगरी रस्ते, कडक ऊन, गर्दींतील धीमी चाल, हीं सारीं त्यांत येतात. घाटाखालीं किंवा घाटावर राहणाऱ्यानें त्या सदराखालची मुदत आपली समजावी.

घाटांत उष्णता, तर खालीं पाणी. महाबळेश्वरच्या डोंगरांतील पाऊस कृष्णा-कोयनेंतून कराडास एकत्र होतो व पुढें सांगलीस येतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्यें नदी ५७ फुटांवर गेली, आणि जुलै २०२१ मध्यें पुन्हां शहरांत पाणी शिरलें. गिअरपेटीला श्वासोच्छ्वासासाठीं एक बारीक नळी असते. गाडी बुडाली कीं त्या वाटेनें पाणी आंत जाऊं शकतें. मग तांबडें तेल गुलाबी दुधासारखें दिसतें, आणि चकत्यांवरील अस्तर ज्या चिकट द्रव्यानें बसविलेलें असतें, तें सुटूं लागतें. सांगलीच्या आमच्या एका स्नेह्यांनीं २०१९ चा पूर ओसरल्यावर गाडी धुतली, आसनें उन्हांत वाळविलीं, इंजिनाचें तेलहि बदललें, आणि गाडी चालू झाली म्हणून पेढे वांटले. गिअरपेटीचें नांव कोणीं काढलें नाहीं. दोन महिन्यांत गिअर पडेनासे झाले. पेटी उघडली तेव्हां अस्तराचे तुकडे तेलांत तरंगत होते. बुडालेली मोटार चालू करूं नये. दोरीनें ओढूनहि नेऊं नये, कारण इंजिन बंद असतां चाकें फिरलीं तर पेटींत तेल खेळत नाहीं. ती दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी.

तेल बदलण्यापूर्वीं आपली पेटी कोणत्या जातीची, तें पुस्तिकेंत पाहावें. आपल्याकडे २०१४ मध्यें मारुतीच्या सेलेरिओपासून ए.एम.टी. पेटी स्वस्त गाड्यांत आली. ती मुळांत हातानें बदलावयाच्या गिअरचीच पेटी असून तिला साधें गिअर-तेल लागतें. पट्ट्यावर चालणाऱ्या सी.व्ही.टी. पेटीचें तेल आणखी निराळें. तांबडा रंग पाहून तेल ओतूं नये. तो रंग केवळ ओळखीसाठीं घातलेला असतो.

काम मिस्त्रीच करील, पण जवळ उभें राहावें. त्यानें तेल भरण्याचें बूच प्रथम सैल करून पाहावें व मगच खालचें काढावें. वरचें बूच गंजून अडकलें असेल, तर रिकामी पेटी घेऊन गाडी तेथेंच बसेल. एका वेळीं निम्म्याहूनहि कमी तेल निघालें तर घाबरूं नये. बाकीचें कन्व्हर्टरमध्यें अडकलेलें असतें, म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हां एकदोनदां बदलतात. तळाच्या लोहचुंबकावर करडा मऊ लेप असणें स्वाभाविक आहे. धातूच्या कपच्या दिसल्या तर दुखणें पुढें गेलें आहे. शेवटीं पातळी. पुष्कळ नव्या पेट्यांना तेल मोजण्याची कांडी नसते. गाडी सपाट जागीं, इंजिन चालू, आणि तेल कारखान्यानें नेमून दिलेल्या उष्णतेस आलें असतां पातळीच्या बुचांतून बारीक धार गळूं लागते. ती थेंबांवर आली कीं बूच लावतात. तेल कमी पडलें तर पंप हवा ओढतो, अधिक झालें तर दांते तें घुसळून फेंस करतात, आणि फेंसानें चकत्या दाबल्या जात नाहींत.