दाताचा खर्च आणि विम्याचा भरवसा

गेल्या वर्षी अम्मीच्या खालच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. तेव्हापासून ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. गोश्ताचा तुकडा तर तिने ताटात घेणेच सोडले. दंतवैद्यांनी इम्प्लांट सुचवले. दोन्ही दातांचा खर्च ऐंशी हजार! घरात मेडिक्लेम पॉलिसी होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पहिला टप्पा झाला, अर्धे पैसे भरले, दावा पाठवला आणि तो नाकारला गेला. मग पॉलिसीची पाने आम्ही पहिल्यांदा नीट वाचली.

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचा उपचार वगळलेला असतो. अपघातात जबडा किंवा दात दुखावले आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरच सहसा भरपाई मिळते. काही पॉलिसींत ओपीडीचे जादा कलम घेता येते. पण त्यातही दातांसाठी मर्यादा किती, प्रतीक्षा किती आणि इम्प्लांट धरले आहे का, हे विकत घेण्याआधीच लेखी विचारावे. दावा चुकीचा नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते; तिथे शुल्क लागत नाही.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रॅनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने जातात, मग वर कॅप बसते. म्हणजे खर्चही बऱ्याचदा टप्प्यांत विभागता येतो. स्कॅन, स्क्रू, हाड भरणे, कॅप असा प्रत्येक बाबीचा वेगळा आकडा कागदावर मागून घ्या. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, आणि तंबाखू सोडायलाच हवी. नाहीतर केलेला खर्च वाया जाण्याचा धोका वाढतो.

नवी मुंबईत एक चांगली सोय आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला येरला, कामोठ्याला एमजीएम अशी दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च सहसा कमी येतो. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. कवळी किंवा ब्रिज चालेल का, हेही तिथे विचारावे. सगळ्यांनाच इम्प्लांट लागते असे नाही.

आम्हाला दवाखान्यात ‘बिनव्याजी’ हप्ते सुचवले गेले. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घराला हा शब्द गोड वाटतो. पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. व्याज कधी प्रक्रिया शुल्कात दडते, तर कधी रोखीवर मिळणारी सूट आपल्याला न देता त्यातून वळते होते. आम्ही नकार दिला. हाड धरेपर्यंतच्या चार महिन्यांत दरमहा थोडे बाजूला टाकले, उरलेले मामूंनी कर्ज-ए-हसना म्हणून दिले.

कॅप बसली त्या आठवड्यात अम्मीने स्वतः भाकरी थापली आणि दुधाशिवाय खाल्ली. अल्हम्दुलिल्लाह! आपल्या घरची पॉलिसी कपाटात असेल, तर आज रात्रीच काढून वाचा. दाढ दुखायची वाट पाहू नका.