मॅलेट वर गेलं, की शिटी वाजली!

सायकलवर बसून पोलो खेळतात म्हटल्यावर अनेकांच्या भुवया वर जातात. भुवया खुशाल जाऊ द्यात; मॅलेट, म्हणजे चेंडू मारायची काठी, मात्र वर जाता कामा नये. या खेळातल्या सुरक्षेच्या नियमांची ही चटपटीत सफर.

घोड्याला सुट्टी
सायकल पोलोचा जन्म १८९१चा, आयर्लंडच्या विकलो परगण्यातला. जनक रिचर्ड मेक्रेडी, निवृत्त सायकलपटू आणि संपादक. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रदर्शनीय सामना झाला आणि आयर्लंडने जर्मनीला हरवलं. भारतात सायकल पोलो महासंघ १९६६मध्ये स्थापन झाला.

गवतावरून डांबरावर
हार्डकोर्ट हा या खेळाचा शहरी अवतार. २०००च्या आसपास अमेरिकेतल्या सिएटलमध्ये सायकलवरून टपाल पोचवणाऱ्या कुरिअरवाल्यांनी तो रुजवला. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, स्ट्रीट हॉकीचा चेंडू आणि घरीच जुळवलेलं मॅलेट: स्कीइंगची जुनी काठी, तिच्या टोकाला कडक प्लास्टिक पाइपचा तुकडा. जुगाड असला तरी लागतो मात्र सणसणीत!

खांदा ही लक्ष्मणरेषा
हार्डकोर्टमध्ये जवळ दुसरा खेळाडू असताना मॅलेट खांद्याच्या वर नेलं, की फाउल. फटक्याआधी मागे घेताना नेलं काय, फटक्यानंतर पुढे गेलं काय, हिशेब एकच. ‘मी तर चेंडूच मारत होतो’ ही सबब इथे खपत नाही.

पण खांदाच का?
कारण सगळ्यांची डोकी एका उंचीवर नसतात. चेंडू काढायला वाकलेल्या खेळाडूचा चेहरा जवळजवळ हँडलपर्यंत खाली येतो. ताठ बसलेल्याने उंचावरून मॅलेट फिरवलं, तर ते खाली येताना नेमकं त्याच पट्ट्यातून जातं. त्यात घाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: टोकाचा वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. मॅलेट जितकं उंच उचलाल, तितका वेग घ्यायला जास्त वाव. आणि गंमत म्हणजे, मोकळी जागा मिळाली तर गोलसाठी एवढ्या उंच फटक्याची बहुधा गरजच नसते.

जशास तसे, पण मर्यादेत
अंगाला अंग, सायकलला सायकल, मॅलेटला मॅलेट भिडलं तर चालतं. मॅलेट अंगाला किंवा सायकलला लागलं, की गुन्हा. चेंडू अडवायला मॅलेट भिरकावणं? तेही नाही.

बुचं आणि बाकी बंदोबस्त
हँडलची आणि मॅलेटच्या दांड्याची उघडी टोकं बुचाने बंद करावी लागतात. पडल्यावर पोकळ नळी अंगात घुसू नये म्हणून. मोठ्या स्पर्धांत हेल्मेट सक्तीचं. अनेक जण चेहऱ्यावर जाळीही लावतात. उजव्या हातात मॅलेट असेल, तर ब्रेक डाव्या हाताशी.

पाय टेकला? चला मध्यरेषेकडे!
जमिनीला पाय लागला, की खेळातून तात्पुरती रजा. कोर्टाच्या मध्यरेषेजवळच्या ठरलेल्या जागी मॅलेटने टकटक करून यायचं, मगच पुन्हा चेंडूला हात, म्हणजे मॅलेट!

भावंडांच्या घरी काय?
घोड्यावरच्या पोलोत प्रतिस्पर्ध्याच्या काठीत काठी अडकवता येते, पण खांद्याच्या उंचीच्या वर नाही. शिवाय काठी उजव्याच हातात हवी, डावखुऱ्यांनीही! अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये उंच काठी लागली, तर दोन मिनिटं बाहेर, रक्त आलं तर चार. मात्र तिथे फटका मारण्याच्या ओघात चुकून लागलं, तर माफी आहे. आपल्या परिचयाच्या हॉकीत आता खांद्यावरचा चेंडूही खेळता येतो. अट एवढीच, की कुणाला धोका नको. आयर्लंडच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात काठी डोक्यावरून फिरवायला मोकळीक, म्हणून २०१०पासून सर्वांनाच हेल्मेट सक्तीचं.

थोडक्यात, उंच काठीला मोकळीक दिली तर डोकं झाकावं लागतं. सायकल पोलोने दोन्ही बाजूंनी बंदोबस्त केला आहे. कधी हा खेळ खेळून पाहायची संधी मिळालीच, तर हेल्मेटचा पट्टा आवळा, बुचं तपासा आणि फटक्याआधी चेंडूकडे नव्हे, मागे कोण आहे त्याच्याकडे एकदा पाहा. गोल पुढच्या फेरीतही होईल, दात पुन्हा येत नाहीत!